एक ते दोन दुकान बंद राहील

जगदेवीअक्कांना फक्त एक वाजता जेवायचं होतं. त्यापलीकडे त्यांचं कुणाकडे काही मागणं नव्हतं. पाटल्या नकोत, तीर्थयात्रा नको, गावात नव्यानं आलेलं ते केबल तर नकोच नको. दुपारी एकला तव्यावरून उतरलेली ज्वारीची भाकरी, वाटीत येसर मसाल्याची वाफाळती आमटी, आणि जेवताना मधे कुणी उठवू नये. बस. आता हे काय जगावेगळं मागणं झालं? पण एवढ्याशा गोष्टीपायी बाईला पाटोद्याहून बीडच्या सरकारी कचेरीत जावं लागलं, नवऱ्याची वाचा आठ दिवस बसली आणि चौदा परक्या माणसांचा स्वयंपाक रांधावा लागला. मागणं लहान असलं की सरकारदरबारी त्याची फाईल मोठी होते, असा आपला अनुभव आहे.

झालं होतं असं. अक्कांचे यजमान रेवणसिद्धअप्पा शेटे यांचं बाजारपेठेत ‘संगमेश्वर वस्त्र भांडार’ नावाचं कापडाचं दुकान. पुढं दुकान, मागं घर, मधे एक दार. दुकानात एकच नोकर, मुंजाजी. एकोणीस वर्षांपासून तो साड्या उलगडतोय आणि पुन्हा घड्या घालतोय. पगार आणि दुपारचं जेवण, असा त्याचा पहिल्या दिवसापासूनचा बोलीचा व्यवहार. जेवण अक्कांच्या स्वयंपाकघरात. अक्का सून म्हणून घरात आल्या तेव्हा सासूबाईंनी पळी हातात देतानाच बजावलं होतं, “दुकानातला माणूस उपाशी असताना घरच्या बाईनं आपलं ताट वाढून घ्यायचं न्हाई.” सासूबाई शिवचरणी गेल्या त्याला बारा वर्षं झाली, पण त्यांचा नियम काही त्यांच्याबरोबर गेला नाही.

तसा तो नियम वाईट नव्हता हो. अप्पा लिंगपूजा उरकून दीडला जेवायचे, मग मुंजाजी यायचा, दोनला अक्का ताटावर. पण मग देशात ते खुलं धोरण आलं. दिल्लीत कुणी काय खुलं केलं ते अक्कांना ठाऊक नाही, पाटोद्यात मात्र संगमेश्वर वस्त्र भांडाराच्या बरोबर समोर रेडिमेड कपड्यांचं दुकान खुलं झालं. काचेचं दार, आत पंखे, आणि दारात कोट घातलेला बिनडोक्याचा पुतळा. अप्पांनी त्या पुतळ्याची अशी धास्ती घेतली की काय सांगावं. “स्पर्धेचा जमाना हाय,” ते म्हणायचे, “गिऱ्हाईक पायरीवर आलं आन् आपला माणूस भाकरीवर बसलेला दिसला, की गेलंच ते समोर.” आणि मुंजाजीचं जेवण दोनवरून तीनवर, तीनवरून चारवर सरकत गेलं.

लग्नसराईत तर विचारू नका. बस्ता बांधायला दोन्हीकडची मंडळी एकदम येतात. नवरदेवाचा चुलता एक रंग सांगतो, नवरीची मावशी दुसरा, आणि मुंजाजी मधे बसून हातभर उंच ढीग उलगडत असतो. वीस माणसं, सहा तास, तीन वेळा चहा. असा बस्ता सोडून उठायचं म्हणजे पाप. साडेचारला मुंजाजी मागच्या दारात येऊन खाकरायचा तेव्हा अक्कांची भाकरी पापडासारखी वाजत असायची आणि पोटात पित्ताची जळजळ. भूक तर कधीच मरून गेलेली.

अक्कांनी अप्पांना सांगून पाहिलं नाही असं नाही. तीनदा सांगितलं. “मुंजाजीला वेळेवर सोडा की हो.”

“त्यानं तक्रार केली का?” अप्पा विचारायचे.

“न्हाई.”

“मग? ज्याचं पोट, त्याला बोलू दे.”

आपलंही पोट त्यात गुंतलंय, हे अक्का बोलल्या नाहीत. माहेरची वीरशैव घरातली बाई. भूक लागली म्हणून नवऱ्याकडे गाऱ्हाणं करायचं म्हणजे जीभच रेटेना.

शेजारच्या छबुबाईंकडे मात्र सल्ल्यांची कधी टंचाई नव्हती. भिंतीवरून डोकं काढून त्या म्हणाल्या, “काऊन मरतीस गं अशी? दार लावून खा की गुपचूप. मुंजाजी काय तुझ्या पोटात डोकावून बघणार हाय?” अक्कांनी तेही केलं. एका दुपारी स्वयंपाकघराचं दार लोटलं, चोरासारखा घास मोडला, तोंडात घातला, आणि नेमका त्याच क्षणी मुंजाजी पाणी मागायला आला. घास अडकला. उचकी लागली ती अर्धा तास थांबेना. मुंजाजीनं घाबरून साखर आणली, छबुबाईंनी पाठीत धपाटे घातले, दुकानातून अप्पा धावत आले, आणि बस्त्याचं गिऱ्हाईकही आत येऊन ‘डाव्या पायाचा अंगठा वढा’ म्हणून सांगून गेलं. त्यानंतर अक्कांनी चोरून खायचं नाव सोडलं. बाजारपेठेसमोर उचक्या देण्यापेक्षा उपाशी राहिलेलं बरं.

आता एक दिवस काय झालं, पावणेचार वाजलेले, अक्का ताट झाकून रेडिओपाशी बसलेल्या. कामगारांसाठी कसलासा कार्यक्रम चाललेला. त्यातला माणूस फार गोड आवाजात सांगत होता की दुकानात काम करणाऱ्या माणसाला सलग पाच तासांच्या वर राबवता येत नाही, मधे किमान एक तासाची सुट्टी द्यावीच लागते, दिवसाचे नऊ तास झाले की वरच्या कामाला दुप्पट दर, आणि ही मालकाची मेहेरबानी नसून कामगाराचा हक्क आहे. अक्का उठून उभ्याच राहिल्या. साक्षात सरकार मुंजाजीला म्हणत होतं की जा बाबा, जेवून घे! आणि मुंजाजी जेवला की...! अक्कांनी रेडिओला हात जोडले. खोटं नाही सांगत, छबुबाईंनी भिंतीवरून पाहिलंय.

दुसऱ्या दिवशी भाजीची पिशवी घेऊन अक्का थेट तहसील कचेरीसमोर, गहिनीनाथ अर्जनवीसाच्या टेबलापाशी. हा गहिनीनाथ टाइपरायटरवर दोन बोटांनी जगातलं कुठलंही दुःख तीन प्रतींत उतरवून द्यायचा. त्यानं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाला, “निनावी अर्ज केला तर केराच्या टोपलीत जातो, अक्का. नाव द्यावं लागंल.”

“देते की. सरकारशी खोटं कशाला बोलायचं? पण ह्यांच्या कानावर जाऊ देऊ नका.”

“अर्जनवीस म्हंजी डॉक्टर बघा. पोटातलं व्हटावर न्हाई.” आणि त्यानं टकटक सुरू केली. ‘अर्जदार सौ. जगदेवी रेवणसिद्ध शेटे, हितचिंतक. गैरअर्जदार, मालक, संगमेश्वर वस्त्र भांडार. सदर मालक हे अत्यंत निष्ठुर असून कामगारास अन्नापासून वंचित ठेवतात...’

“निष्ठुर नका लिहू हो,” अक्का कळवळल्या. “सभाव चांगला हाय.”

“निष्ठुर लिहिल्याबिगर साहेब पान उलटत न्हाईत,” गहिनीनाथ म्हणाला. अक्कांनी डोळे मिटून सही केली. नवऱ्याला निष्ठुर लिहून दिलं म्हणून त्या संध्याकाळी त्यांनी पुरणपोळी केली. अप्पांना कळेना, आज सण कुठला.

पंधरा दिवसांनी पोस्टमन दुकानात आला तो दोन रजिस्टर पाकिटं घेऊन. दोन्ही जगदेवीबाईंच्या नावाची. अप्पांनी अक्कांना पुढं बोलावून सह्या घेतल्या आणि पाकिटं स्वतःच फोडली. पहिल्यात लिहिलं होतं की सौ. जगदेवी शेटे यांची तक्रार पोचली, निष्ठुर मालकाविरुद्ध कारवाई सुरू आहे, निश्चिंत असावे. दुसरं पत्रही सौ. जगदेवी शेटे यांनाच. आपण संगमेश्वर वस्त्र भांडाराच्या मालक असून, सौ. जगदेवी शेटे यांच्या तक्रारीवरून आपणावर कारवाई का करू नये, याचा खुलासा घेऊन बीडला हजर व्हावे.

आता ही भानगड अशी की दुकान अक्कांच्याच नावावर होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी एका वकिलानं अप्पांना इन्कम टॅक्सची भीती घालून सगळे कागद बायकोच्या नावे करायला लावले होते. बाजारपेठेतली निम्मी दुकानं अशीच बायकांच्या नावावर, आणि त्या बायांना पत्ताच नाही. पेन्सिलीची फुली दिसली की तिथं सही करायची, एवढंच अक्कांना सांगितलेलं. त्या निमूट सही करून फोडणी करपू नये म्हणून आत पळालेल्या. थोडक्यात काय, बाईनं पदरचे पैसे मोडून, तीन प्रतींत, स्वतःविरुद्ध तक्रार केली होती.

अप्पा खाली बसले. तक्रार झाली याचं त्यांना एवढं नाही वाटलं. त्यांना लागलं ते वेगळंच. “इतकी वर्षं गादीवर मी बसतो,” ते त्या पत्राकडे बघत म्हणाले, “आन् ह्यात माझं नावच न्हाई. साधं निष्ठुर म्हून सुदिक माझं नाव न्हाई!” त्यानंतर आठ दिवस ते घरात कुणाशी बोलले नाहीत. पाणी पाहिजे असलं तर तांब्या वाजवायचे.

तारखेच्या दिवशी दोघं एसटीनं बीडला निघाले. मांजरसुंब्यापर्यंत अप्पांनी खिडकी सोडली नाही. अक्का मनातल्या मनात पाठ करत होत्या की तुरुंगात टाकलं तर विभूतीची डबी जवळ ठेवू देतात का, ते आधीच विचारून घ्यायचं.

कचेरीत एक चष्मेवाले, शांत चेहऱ्याचे साहेब होते. त्यांच्यापुढं दोन फायली. एक उघडून त्यांनी विचारलं, “मालक कोण?”

अप्पा सवयीनं उठले. “बसा,” साहेब म्हणाले, “सौ. जगदेवीबाई कोण?”

“मी,” अक्का म्हणाल्या.

“बाई, तुमच्याविरुद्ध तक्रार गंभीर आहे. पण तुम्ही वयस्कर आहात, पहिलीच वेळ आहे. माझं ऐका, तक्रारदाराला भेटा, समजूत घाला आणि मिटवून घ्या.”

“समजूत लई घातली, साहेब,” अक्का म्हणाल्या. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं. “ती ऐकत न्हाई.”

“हट्टी बाई दिसते.”

“हट्टी न्हाई हो. उपाशी हाय ती. दोन-तीन वर्षं झाली, रोज उपाशी हाय.”

साहेबांनी चष्मा वर केला. दुसरी फाईल उघडली. या फायलीतली सही बघितली, त्या फायलीतली बघितली. मग अक्कांकडे बघितलं.

“कामगार राहिला बाजूला,” ते हळू आवाजात म्हणाले, “उपाशी कोण आहे?”

आणि मग अक्कांनी सगळं सांगितलं. सासूबाईंचा नियम, समोरचा पुतळा, बस्ता, साडेचारची भाकरी, उचकी. एकदा बांध फुटल्यावर काय राहतंय! शेवटी पदरानं डोळे पुसत त्यांनी विचारलं, “साहेब, दुकानातल्या माणसाला एक तास हाय, ते बेस झालं. पण त्याच्या ताटासाठी जी बाई चुलीपाशी थांबती, तिला ह्या कायद्यात काय हाय का?”

साहेबांनी खरोखर पुस्तक उघडलं. पानं उलटली. एवढा मोठा अधिकारी, पण त्यानं झिडकारलं नाही, हे अक्का आजही सांगतात. “नाही, बाई,” ते म्हणाले, “घरचं काम यात बसत नाही. पण मला एक कळत नाही. दुकानाच्या मालक तुम्ही. कामगाराला कधी सोडायचं ते तुम्ही ठरवायचं. तुम्ही मला कशाला अर्ज करता?”

“म्हंजी मी सांगू शकते?”

“तुम्ही नाही तर कोण सांगणार? एक तासाची सुट्टी ठरवा, दुकानात पाटी लावा. नऊ तासांवर काम घेतलंत तर दुप्पट दर. मी एक दिवस तपासणीला येईन.”

परतीच्या गाडीत अप्पा पुन्हा खिडकीकडे तोंड करून. मांजरसुंबा मागं पडल्यावर म्हणाले, “मुंजाजी जेवल्याबिगर तू जेवत न्हाईस?”

“न्हाई.”

“मला काऊन सांगितलं न्हाईस?”

“सांगायला तुमी जेवताना धा मिन्टं तरी बसाया पाहिजे का न्हाई?”

अप्पांनी खिडकीकडचं तोंड वळवलं आणि अक्कांची पिशवी आपल्या मांडीवर घेतली. आठ दिवसांचा अबोला संपला, एवढं अक्कांना कळलं.

दुसऱ्या दिवशी पाटी लागली. ‘दुपारी एक ते दोन दुकान बंद राहील. हुकमावरून, मालक.’ पेंटरला ‘हुकमावरून’ अप्पांनीच लिहायला सांगितलं. निदान हुकूम कुठूनतरी वरून आलाय असं बाजाराला वाटावं. आणि रात्री नऊऐवजी कुलूप सातलाच लावायचं ठरलं, कारण ‘दुप्पट’ हा शब्द अप्पांना साहेबांच्या खोलीबाहेर पडल्यावरही ऐकू येत होता.

पाटी वाचून मुंजाजी मागच्या दारात आला आणि रडायलाच लागला. “अक्का, माझं काय चुकलं? एकोणीस वर्षांत कधी सुट्टी दिली न्हाई आन् आता रोज एक तास? मला काढायचं असंल तर सरळ सांगा. घडी बसंना झाली का माझी? डोळं गेलं का माझं?” त्याची समजूत काढता काढता अक्कांच्या तोंडाला फेस आला. हा हक्क आहे, मेहेरबानी नाही, असं त्या रेडिओतल्यासारख्या गोड आवाजात सांगत होत्या, आणि तो म्हणत होता, “हक्क नको, अक्का, नोकरी ऱ्हाऊ द्या.”

पहिल्या दिवशी कायद्याची जी अंमलबजावणी झाली, तशी ती कुठल्या शत्रूच्या दुकानातही होऊ नये. आष्टीकडचा बस्ता आलेला. एक वाजला. मुंजाजीनं भीतभीत शटर ओढलं, पण आतली माणसं कुठं हललीत? नवरीची मावशी मोतिया रंगावर अडून बसलेली. आतल्या चौदा जणांना बाहेर काढावं तर पाहुणे, ठेवावं तर सुट्टी मोडते. अप्पांनी घाम पुसत शेवटी मधलं दार उघडलं. “चला, मंडळी, आधी चार घास खाऊन घ्या.” चौदा जण अक्कांच्या स्वयंपाकघरात पंगत धरून बसले. आमटीत तीनदा पाणी पडलं, पिठाचा डबा रिकामा झाला, छबुबाई परातभर भाकरी घेऊन भिंतीवरून धावून आल्या. नवरीच्या मामानं ढेकर देत कायद्याची तारीफ केली. मुंजाजी जेवला, अप्पा जेवले. अक्का त्या दिवशी ताटावर बसल्या तेव्हा साडेपाच वाजले होते. कामगार कायदा आला नव्हता तेव्हा साडेचारला तरी जेवायला मिळत होतं.

“आणखी एक अर्ज कर,” छबुबाई म्हणाल्या.

पण अक्का हटल्या नाहीत. मालकिणीनं मागं कसं हटायचं? त्यांनी फर्मान काढलं की पाऊण वाजल्यानंतर नवी साडी उलगडायची नाही. मुंजाजीला पहिले चार दिवस ते जमेना. जेवताना मधेच उठून शटरच्या फटीतून पुतळ्याकडे बघून यायचा. पाचव्या दिवशी मात्र तो स्वस्थ जेवला, आणि हात धुताना आपणहून म्हणाला, “गरम आमटीची चव येगळीच असती की, अक्का. मला इतकी वर्षं वाटायचं तुमी मीठ कमी घालता.” गंमत म्हणजे बस्ते काही समोर गेले नाहीत. ‘शेट्यांकडं जेवायला घालतात’ अशी वदंता आष्टीपर्यंत पोचली होती. तिचा बंदोबस्त करायला पुढं दोन महिने लागले. समोरच्या दुकानातले तिघं नोकर मात्र येता-जाता ती पाटी वाचायचे, आणि त्यांचा मालक अप्पांना नमस्कार करीनासा झाला.

सहाव्या दिवसाची गोष्ट. मुंजाजी वेळेत जेवून ओसरीवर लवंडला होता. चक्क घोरत होता. अप्पाही जेवून चौकटीला टेकून बसलेले. एक वाजून पंचवीस मिनिटं झालेली. अक्कांनी तव्यावरची भाकरी आपल्या ताटात टाकली, वाटीत येसराची आमटी ओतली, शेंगांची चटणी घेतली. भाकरी मोडली तर बोटाला चटका बसला. बाईचे डोळे भरून आले. आपल्याच घरात गरम भाकरीचा चटका खायला इतकी वर्षं लागली म्हणून नव्हे, मिळाला म्हणून. रेडिओतल्या त्या न पाहिलेल्या माणसाचे, गहिनीनाथाच्या दोन बोटांचे, पुस्तक उघडून बघणाऱ्या त्या साहेबांचे, सगळ्यांचे त्यांनी मनोमन आभार मानले आणि पहिला घास घेतला.

तेवढ्यात शटर वाजलं. एकदा, दोनदा, जोरात. “लेबर ऑफिस! तपासणी!”

मुंजाजी धडपडून उठला. अक्कांचा हात घासासकट थांबला, आणि सवयीनं त्या ताटावरून उठायला लागल्या.

“बस,” अप्पा म्हणाले.

ते स्वतः उठले. दुकानात गेले, शटर अर्धं वर केलं. बाहेर तेच चष्मेवाले साहेब, हातात फाईल. आयुष्यभर ज्या माणसानं पायरीवरच्या पोरासोरालाही परत पाठवलं नव्हतं, सरकारी माणूस दिसला की ज्याची छाती धडधडायची, तो माणूस दारात आडवा उभा राहिला. त्याचा आवाज आत स्वयंपाकघरापर्यंत स्वच्छ ऐकू आला.

“साहेब, नमस्कार. मालकीण जेवायला बसल्यात. त्यांचं होईस्तोवर दुकान उघडायचं न्हाई. तुमी सावलीला बसा, मी पाणी आणतो.”

साहेबांनी घड्याळ बघितलं, पाटी बघितली आणि पायरीवर बसून घेतलं. आत अक्कांनी दुसरी भाकरी घेतली.